चौथ्या गेटवरून रोज: कंबर दुखणाऱ्याची २६ इंची सायकल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी सव्वीस वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होतो. वाळू भरलेली पेटी दोघांनी मिळून पलटी करायची असते. २०२१ च्या मार्चमध्ये घाईच्या कामात मी ती एकट्याने फिरवली आणि कमरेत काहीतरी सटकलं. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती मागे सरकलेली दिसली. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायची. ऑपरेशन टळलं, पण मोल्डिंग सुटलं. आता मी स्टोअरला असतो, वजन उचलत नाही. रोज वडगावहून अनगोळमार्गे, चौथं रेल्वे गेट ओलांडून कारखान्यात जातो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत येतो. एका बाजूला जेमतेम पाच किलोमीटर. हे अंतर गेले कित्येक महिने ज्या सायकलवर कापतोय तिच्याबद्दल आणि ती जिथे घेतली त्या दुकानाबद्दल लिहितोय. त्याआधी तीन सायकली करून झाल्या. त्यात पैसे गेले आणि दोनदा कंबरही धरली. दुसऱ्या कुणाचं तेवढं वाचलं तर बरं.

स्कूटर घरात आहे. पण स्कूटरवर पाय हलत नाहीत, अंग एकाच जागी जखडून राहतं आणि खड्ड्याचा दणका बसल्या जागी कमरेत शिरतो. चार महिन्यांच्या व्यायामानंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी सायकल सुचवली, तेव्हा बायको त्यांच्या समोरच मला म्हणाली, "कंबर दुखूलालीय म्हणतासा, आणि सायकलवर बसतासा?" मॅडमनी तिलाच खुर्चीवर बसवून दाखवलं. पाय आळीपाळीने फिरत राहतात, कमरेभोवतीचे स्नायू थोडं थोडं काम करतात, आखडत नाहीत. अट दोन गोष्टींची: वाकून चालवायची नाही, आणि कळ पायात उतरायला लागली की तिथेच उतरायचं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हा नीट ऐकली नाही आणि पुढे तीच सगळ्यात उपयोगी ठरली. पाठदुखी म्हणजे एकच आजार नव्हे. माझं दुखणं चकतीचं. मला पुढे वाकलं की वाढतं, सरळ उभं राहिलं की कमी होतं. दुसऱ्या कुणाच्या मणक्यातली मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असते. त्याला उलट सरळ उभं राहिलं, चाललं की पाय जड होतात आणि पुढे वाकलं की सुटल्यासारखं वाटतं. या दोघांना एकच सायकल चालणार नाही. म्हणून सायकल बघायला जाण्याआधी आपलं दुखणं कुठल्या जातीचं आहे ते डॉक्टरांकडून कळून घ्या. आणि पायातला जोर कमी होत असेल, जांघेत बधिरपणा येत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर सायकल बाजूला राहू दे, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पहिली सायकल पोराची, कॉलेजच्या वेळची. गिअरची, जाड टायरची, पुढच्या चिमट्यात शॉकॅब असलेली. घरात होती म्हणून काढली. हँडल सीटपेक्षा खाली, त्यामुळे अंग आपोआप पुढे जायचं आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर. अनगोळच्या अलीकडेच पोटरीत कळ उतरली आणि मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. एक कळलं ते असं की पुढच्या चिमट्यातला शॉकॅब मनगटाचा दणका कमी करतो. कंबर मागच्या चाकाजवळ बसलेली असते, तिला त्याचा फारसा फायदा नाही. स्वस्त सायकलीत तर तो शॉकॅब म्हणजे वाढीव वजन. तरी ही सायकल मी पोराला विकू दिली नाही. तिच्या टायरनी मला एक धडा दिला, तो पुढे येईल.

दुसरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण तिथेच चुकत असणार.

एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. पाठ दुखते, सरळ बसून चालवायची सायकल पाहिजे असं सांगितलं. विकणाऱ्या मुलाने लगेच एक देखणी सायकल पुढे आणली. हँडल उंच आणि मागे अंगाकडे वळलेलं, सीट हातभर रुंद आणि उशीसारखी मऊ, पायडल बरंच पुढे. बसलो तर घरच्या लाकडी खुर्चीवर बसल्यासारखं अगदी ताठ. थांबल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकत होते. शोरूमच्या फरशीवर दोन चकरा मारल्या, मनात बसली. १३,५०० रुपये दिले.

पहिल्याच आठवड्यात चौथ्या गेटवर रूळ ओलांडताना कमरेत असा दणका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं वेग जास्त झाला. दुसऱ्या दिवशी सावकाश गेलो, तरी तेच. वाकत तर नव्हतो, मग दुखतंय कशाने?

रविवारी सायकल अंगणात स्टँडवर लावली आणि कारखान्यातून आणलेला ओळंबा काढला. सीटवर बसलो, पायडल आडवं धरून पाय पुढे ठेवला आणि पोरीला गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायला लावला. साध्या सायकलीवर तो पायडलच्या अक्षाच्या आसपास पडतो. इथे तो जवळजवळ चार इंच मागे पडला. म्हणजे माझे पाय माझ्या खाली नव्हतेच, पुढे पसरलेले होते. खड्डा दिसला की सायकलवाला न कळत पायडलवर भार देऊन सीटवरून दोन बोटं उठतो, दणका गुडघ्यात जिरतो. पाय पुढे असतील तर तसं उठताच येत नाही, हँडल ओढूनच उठावं लागतं. त्यात पाठ अगदी ताठ, मणक्यांची उतरंड एकावर एक सरळ रचलेली. खालून आलेला दणका वर डोक्यापर्यंत जाणार, दुसरं काय होणार? मऊ सीटचाही उपयोग नव्हता. बसकणीची दोन हाडं त्या फोममध्ये रुतून खालच्या पत्र्याला टेकत होती.

ही सायकल वाईट होती असं मी म्हणणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर सावकाश फिरायला, आणि थांबताना पडायची भीती वाटणाऱ्या माणसाला ती चांगली. टिळकवाडीतल्या एका गृहस्थांनी ती माझ्याकडून ९,००० ला घेतली, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे फिरायला नेतात, खूश आहेत. पण 'सरळ बसायची म्हणजे पाठीला आराम' हे तिने माझ्या डोक्यातून काढलं. माझ्यासारखं चकतीचं दुखणं असणाऱ्याला अंग किंचित पुढे झुकलेलं पाहिजे. किती? उंबऱ्यात उभं राहून गल्लीत कोण आलं ते बघायला आपण जेवढे डोकावतो तेवढंच. तेवढ्याने थोडा भार हातांवर येतो, थोडा पायांवर, आणि कमरेला आपला वाटा तेवढाच उरतो.

तिसरी वडिलांची. ते खासबागेत मागावर होते आणि त्यांची काळी अॅटलास आमच्या माळ्यावर पडून होती. दांड्याची, २८ इंची, काडीच्या ब्रेकची. सोनिपतची ही कंपनी १९५१ ची. तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता. तो दिवस मला लक्षात आहे, कारण वडील तेव्हा होते आणि त्यांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली होती. असो. सायकल उतरवून ऑइलिंग केलं, टायर-ट्यूब नवीन घातले.

चालवायला ही सायकल सुंदर. नळ्यांचे सांधे कपात बसवून पितळेने भरलेले, असं काम बघितलं की आमच्यासारख्या धातूतल्या माणसाला बरं वाटतं. दोन्ही चाकांच्या अक्षांमधलं अंतर मोजलं तर ४६ इंच, आणि पुढचा चिमटा चांगलाच पुढे कललेला. त्यामुळे खड्ड्याचा दणका हबकून न येता डुलत येतो. सीटला मागे दोन मोठ्या स्प्रिंगा. चौथ्या गेटवर रूळ ओलांडले आणि कमरेला कळलंसुद्धा नाही. मी ठरवलं होतं, हीच ठेवायची.

पण दुखणं चालवण्यात नव्हतं, चढण्या-उतरण्यात होतं. दांड्याच्या सायकलीवर उजवा पाय मागून कॅरिअरवरून फिरवून टाकावा लागतो. त्या क्षणी एका पायावर तोल आणि कमरेला पीळ, म्हणजे मॅडमनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच. दिवसातून सहा-सात वेळा. शिवाय आमचं घर रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. कारखान्याच्या काट्यावर सायकल ठेवली तर २१ किलो भरली. पावसात रोज ती उचलून आत घ्यायची? महिनाभरात सोडून दिली. आता पोरगी तिच्यावर रांगोळीचं सामान आणायला जाते.

एवढं झाल्यावर काय पाहिजे ते मला कळलं होतं. वडिलांच्या सायकलीची डुलण्याची चाल, पण दांडा नको. पाय अंगाखाली. हँडल सीटपेक्षा चार बोटं वर, त्याहून जास्त नाही. पोराच्या सायकलीसारखे जाड टायर. आणि वजन वीस किलोच्या आत.

शहापुरात एक जुनं सायकलीचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं अर्धी गेलेली, बाहेर दोन उलट्या सायकली आणि एक पाण्याची परात. मालकांना सगळे मामा म्हणतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी माझी कहाणी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"चालत आलासा की गाडीवर?"

"चालत."

"मग चालूंदे. पायात उतरतंय काय?"

"वाकलो की उतरतंय."

त्यांनी दोन मिनिटं नुसतं मला उभं करून बघितलं. मग आतून एक साधी काळी लेडीज सायकल काढली. २६ इंची चाकं, पुढची नळी खाली उतरलेली. दुकानात गिऱ्हाईक होतं, पोरगं हसलं. मी मात्र लगेच पाय टाकून बघितला. पाय मागून फिरवावाच लागला नाही, उंबरा ओलांडल्यासारखा पुढून आत गेला. पुरुषाने लेडीज सायकल चालवायची का, हा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी एकदा चकती सरकवून बघावं असं मी म्हणणार नाही, तसं दुखणं वैऱ्यालाही नको. एवढंच सांगतो की आमच्या कारखान्याच्या गेटवर पहिले दोन दिवस लोक बघायचे, तिसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही.

मामा म्हणाले, "नुसतं बसून काय कळतंय ओ? नाथ पै सर्कलला वेढा घालून या की. बरं नाही वाटलं तर सोडून जावा."

पैसे नाहीत, नाव-पत्ता नाही, नवी कोरी सायकल हातात. गेलो आणि वीस मिनिटांनी आलो. त्या शोरूममध्ये मला फरशीच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. सायकल फरशीवर कळत नाही. ती खड्ड्यात, चढाला आणि ब्रेक मारल्यावर कळते. जे दुकान अर्धा तास रस्त्यावर चालवू देत नाही तिथे कंबर दुखणाऱ्याने सायकल घेऊ नये, हे माझं पक्कं मत.

मग मामांनी सायकल माझ्या अंगाला बसवली. दीड तास लागला, त्यातला प्रत्येक मिनिट मोलाचा. आधी सीट. पायडल तळाला नेऊन त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा ठेवला की आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट याहून खाली असेल तर गुडघे छातीकडे येतात आणि कंबर मागे गोल होते. माझ्या चकतीला तेच नको. वर असेल तर प्रत्येक पायडलला कमरेचं हाड डावी-उजवीकडे झुलतं. रस्त्यावर सीट खूप खाली ठेवलेली माणसं दिसतात, थांबताना दोन्ही पाय टेकावेत म्हणून. एका पायाचा चवडा टेकला तरी पुरतं. पुढून पाय बाहेर काढता येत असल्यामुळे माझी ती भीतीही गेली.

नंतर सीटचा तोल. हे मी घरी येऊन पुन्हा पाणसळ लावून तपासलं, बुडबुडा मधोमध. टोक वर असेल तर माणूस टोचतंय म्हणून कंबर गोल करून बसतो. टोक खाली असेल तर पुढे घसरत राहतो आणि सगळा भार हातांवर, खांद्यांवर. सायकलीबरोबर आलेली सीट मामांनी काढून टाकली आणि दोन स्प्रिंगांची रुंद, कडक सीट बसवली. ६५० रुपये. दाबून बघितलं तर लाकडासारखी. मी नको म्हणत होतो. "एक महिना बसा, मग बोला," म्हणाले. मऊ सीट पाच मिनिटं सुख देते, कडक सीट पाऊण तास. मात्र स्प्रिंगेची तार आपल्या वजनाला साजेशी पाहिजे. माझं वजन ६८ किलो. त्या सीटच्या पहिल्या स्प्रिंगा एवढ्या जाड होत्या की माझ्या वजनाला दबतच नव्हत्या. आठवड्याने जाऊन पातळ तारेच्या घेतल्या, त्यांनी बदलून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

हँडल उंच करायचं तर त्याची मान नळीतून वर ओढायची. मामांनी ओढली आणि एका रेघेवर थांबले. त्या मानेवर कोरलेली रेघ असते, ती कधी नळीच्या बाहेर दिसता कामा नये. आत कमी लांबी राहिली की मान तिथे मोडते. गल्लीतल्या पोरांच्या सायकलींवर ती रेघ दोन-दोन बोटं वर आलेली मी बघितली आहे. बघाल तिथे सांगा. आणखी उंची लागली तर लांब मानेचं हँडल मिळतं.

आता फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागे १८, ही नेहमीची जोडी. यात एका पायडलला सायकल साधारण पाच मीटर जाते. सपाटीला चांगलं, पण चढाला पहिल्या जोरालाच कंबर आवळली जाते. मी विचारलं, काही करता येईल? मामांनी मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील घातलं, चेनला एक कडी वाढवली, २८० रुपये. आता एका पायडलला चारच मीटर जातं. सपाटीवर मी सगळ्यांच्या मागे असतो. गेट बंद असलं आणि तिसऱ्या गेटच्या उड्डाणपुलावरून जावं लागलं तरी मी उतरत नाही, बसून चढतो. गिअरची सायकल का नाही घेतली असं विचारतात. ज्यांच्या वाटेवर मोठे चढ आहेत, हिंडलग्याच्या पुढे सुळगा-उचगावकडचे वगैरे, त्यांनी गिअरचीच घ्यावी. माझ्या वाटेला एवढं पुरलं.

आणि हवा. हा पोराच्या सायकलीचा धडा. मला वाटायचं टायर दगडासारखा कडक म्हणजे चांगला. पंक्चरवाले कॉम्प्रेसर लावून तसाच करतात. पण मणक्याचा पहिला शॉकॅब टायरमधली हवा. माझे टायर २६ × १.७५. त्याच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापलेले असतात. मी मापाचा पंप घेतला, मागे ४२, पुढे ४० पौंड ठेवतो. आधी ६० असायची. तो फरक मला सगळ्यात आधी जाणवला, सीटच्या फरकाच्याही आधी. छापलेल्या कमी आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका, खड्ड्यात रिम ट्यूबला चावते.

सायकल ७,४०० रुपये. सीट, फ्रीव्हील, पकड असलेले पायडल आणि चांगले ब्रेक रबर धरून ८,७५० झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. लुधियानाच्या असोत की चेन्नईच्या, या घडणीच्या सायकली पुष्कळ कंपन्या काढतात. नावापेक्षा माप बघा.

पहिल्या दिवशी मी कारखान्यात गेलो नाही. आठवडाभर गल्लीत दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात येळ्ळूर रोडला, शिवारापर्यंत. भात लावणीचे दिवस होते, बळ्ळारी नाला भरून वाहत होता, तिथून मागे फिरायचो. सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा उद्यमबाग. पंचवीस मिनिटं लागली. चौथ्या गेटवर उतरावं की नाही असा विचार करत होतो तोवर पाय आपोआप ताठ झाले, अंग दोन बोटं उचललं गेलं आणि रूळ मागे पडले. पलीकडे सायकल थांबवून मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. काही नव्हतं. डबा कॅरिअरला बांधतो, खांद्याला पिशवी लावत नाही. एका खांद्यावर पिशवी म्हणजे कंबर दिवसभर एका बाजूला.

आता खोड्या. पावसात हिचे ब्रेक बेभरवशाचे. रिम पोलादी, वर क्रोम. ओली झाली की रबर नुसतं घसरतं, पहिला हात भिजलेलं पुसण्यातच जातो. आमच्याकडे जूनला सुरू झालेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही, त्यामुळे ही खोड लहान नाही. एकदा अनगोळच्या उताराला समोर म्हैस आली, मी पाय टेकवून थांबलो आणि त्या झटक्याने दोन दिवस कंबर धरली. अॅल्युमिनियमच्या रिमला ओला ब्रेक पुष्कळ बरा लागतो. नव्याने घेणाऱ्याने आधीच तशी मागावी. कॅरिअरचं वेल्डिंग कच्चं होतं, पाचव्या महिन्यात सुटलं. बघूनच कळत होतं, मणी नुसता वर बसलेला, आत उतरलेलाच नव्हता. कारखान्यात नीट करून घेतलं. चेनकव्हर वाजतं. वजन १८ किलो, तीन पायऱ्यांना अजून जड जातं. म्हणून पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा वीतभर उतार करून घेतला. आता उचलत नाही, ढकलतो.

दुकानाबद्दलही सगळं गोड नाही. फ्रीव्हील आणायला 'उद्या' म्हणत नऊ दिवस लावले. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. संध्याकाळी सातनंतर मामा नसतात आणि तेव्हा असणारा पोरगा घाईत नट आवळतो. माझी सीट एकदा ढिली राहिली होती. मंगाईच्या यात्रेच्या आठवड्यात तर जाऊच नका, कुणाला वेळ नसतो. तरी कंबर दुखणाऱ्या माणसाला मी तिथेच पाठवीन, सकाळी दहा ते बारा या वेळेत.

पाठवलंही एकाला. आमच्या कारखान्यातून रिटायर झालेले, फेटलिंगचे, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करणारे, जुने काका. त्यांना मणक्यातली वाट अरुंद झाल्याचं दुखणं. दोनशे पावलं चालले की बसावं लागतं. माझं बघून त्यांनाही अशीच सायकल पाहिजे होती. मी माझी चालवायला दिली. अनगोळच्या वळणावरून परत आले, म्हणाले, "पाय भरून आले रे. तुझी बैठक मला सोसंना." मला मॅडमचं बोलणं आठवलं. मामांना सांगितलं, तर त्यांनी त्यांच्यासाठी त्याच घडणीची सायकल काढली, पण हँडल वळणाचं न घालता सरळ घातलं आणि मान खाली दाबली, सीटच्या बरोबरीला. काका जरा वाकून बसतात. चालायला दोनशे पावलं जमत नाहीत, पण सायकलवर कपिलेश्वरला जाऊन येतात. माझी सायकल त्यांना आणि त्यांची मला चालणार नाही, दुकान मात्र एकच.

माझ्या मापांची रेघ मी घराच्या भिंतीवर खडूने मारून ठेवली आहे, सीटची एक आणि हँडलची एक. कुणी सायकल नेली, सीट खाली-वर केली, की पुन्हा तिथे लावून घेतो. पोरगी दोनदा विसरली, तिसऱ्यांदा तिनेच लावून ठेवली.

पुढच्या चाकाला अॅल्युमिनियमची रिम घालायचं या महिन्यात ठरवलंय, पाऊस यायच्या आत. मामा म्हणाले छत्तीस भोकांचीच आणायला पाहिजे, हबला तेवढीच भोकं आहेत. मंगळवारी बोलावलंय.